कागदावर एकतीस, माणसं बत्तीस

वडील गेले त्याच्या चौदाव्या दिवशी मी पुन्हा कामावर गेले. दुपारी जेवून ते आडवे झाले होते आणि आई चहाला उठवायला गेली तेव्हा उठले नाहीत, एवढंच घडलं होतं. माळशिरसकडचे नातेवाईक आले, रडारड झाली, दिवस घातले, नातेवाईक परत गेले. मी या सगळ्यात होते, पण मला रडू आलं नव्हतं. बायका म्हणायच्या, पोरगी धीराची आहे. धीराचं त्यात काही नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर गालाचं होतं तसं माझं सगळ्या अंगाचं झालं होतं. गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही.

आमचं ऑफिस सात रस्त्याजवळ, एका कापडदुकानाच्या वर. आम्ही चौघं होतो. छोट्या कारखान्यांना, दवाखान्यांना, शाळांना लागतील तशी सॉफ्टवेअर बनवून द्यायचो. माझ्याकडे डेटाबेसचं काम. एखाद्या ठिकाणी जायचं, तिथं कुठली माणसं आहेत, कुठल्या वस्तू आहेत, कुणाचा कशाशी काय संबंध आहे हे विचारून घ्यायचं आणि त्याचा आराखडा काढायचा. माणूस किंवा वस्तू असेल तर चौकोन. दोन चौकोनांमधलं नातं दाखवायला मध्ये एक आकृती, जिला आमच्या कॉलेजातल्या मॅडम सरळ शंकरपाळी म्हणायच्या. रेघांच्या टोकांना आकडे लिहायचे, एकाला एक की एकाला अनेक. एक डॉक्टर, अनेक पेशंट. एक विद्यार्थी, एक हजेरी क्रमांक. पुढे या चित्राचे तक्ते होतात आणि कॉम्प्युटर त्या तक्त्यांबाहेरचं काही मानत नाही.

मला हे काम आवडायचं. त्या दिवसांत तर जास्तच, कारण चौकोनाला माझ्याकडून काही नको होतं. तो माझ्या तोंडाकडे बघून "कसं झालं गं एकाएकी?" असं विचारत नव्हता.

ऑफिस चालवणाऱ्या सरांनी मला परत आल्या दिवशीच नवीन काम दिलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना होता. हजेरी, मशिनी, कोणी किती डझन माल केला, हे सगळं वहीत चालायचं. मालकांना ते कॉम्प्युटरवर हवं होतं आणि दारात अंगठ्याचं मशीन हवं होतं. मी स्कूटी घेऊन गेले. यंत्रमागांच्या शेडमध्ये इतका आवाज होता की कुणाला काही बोलता येत नव्हतं. मला ते बरं वाटलं. तिथलं लिहून घेऊन मी शिलाई खात्यात आले. इथे बायका टॉवेलच्या कडा शिवत बसल्या होत्या. खात्यावर एक वयस्क बाई देखरेखीला होत्या. त्या घरी तेलुगू बोलणाऱ्या, मराठी त्यांची बाजारातली.

"इथं कामाला बायका किती?" मी विचारलं.

"कागदावर एकतीस," त्या म्हणाल्या. "मानसं बत्तीस."

मी पेन थांबवलं. त्यांनी खिडकीजवळच्या मशीनकडे हात केला. तिथं पस्तिशीची एक बाई मान खाली घालून शिवत होती.

"ह्या जागंवर दोगी हायत. जावा जावा."

त्या बाईनं मशीन थांबवलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला समजावून सांगितलं. अक्कलकोटच्या बाजूचं गाव, घरात कानडी. इथं येऊन आठ-नऊ वर्षं झालेली. सासूच्या अंगावरून वारं गेलं होतं, म्हणजे एक बाजू लुळी पडली होती.

"घरात एक बाई लागतीच की. तिला उटवायचं, बशवायचं, कूस बदलायची. मग एक दिस मी येती, एक दिस माजी जाऊ येती. नाव माजंच हाय, पर हात दोगींचं."

"चालतं हे?" मी देखरेखीच्या बाईंना विचारलं.

"कड सरळ आली म्हंजे झालं. दोगींची शिलाई यकसारकी. कुटल्या टॉवेलवर कुनाचा हात, मलाबी वळकत न्हाय."

ही थोरली जाऊ, ती हसली. मग मला म्हणाली, "मॅडम, नव्या मशिनीत आमच्या दोगींची सोय हुईल न्हवं?"

"बघते," मी म्हणाले.

वहीत मी लिहिलं: जागा एक, बायका दोन. त्याखाली दोन रेघा मारल्या. हे मला चांगलं आठवतं, कारण ती वही अजून माझ्याकडे आहे.

दोन दिवसांनी मी आराखडा काढला. कामगार हा एक चौकोन, मशीनवरची जागा हा दुसरा चौकोन. मध्ये शंकरपाळी, तिच्यात लिहिलं 'बसते'. जागेच्या टोकाला एक, कामगारांच्या टोकाला अनेक. म्हणजे एका जागेवर आज ही, उद्या ती बसू शकेल. अंगठा प्रत्येकीचा वेगळा, हजेरी जागेच्या नावावर. अवघड काहीच नव्हतं.

सर कागद बघत होते. "हे अनेक कशाला? मालक तर म्हणाले एक कामगार, एक मशीन."

"एका ठिकाणी दोघी आहेत. आळीपाळीनं येतात."

"मालकांना माहीत आहे?"

"माहीत नसावं."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग असं कर, त्यांना एक फोन करून विचार. हो म्हणाले तर राहू दे. नाहीतर उगाच आपण काढायचं आणि ते म्हणायचे हे कुणी सांगितलं होतं."

मी माझ्या टेबलावर येऊन बसले. फोन समोर होता. मालकांना वडिलांचं कळलेलं होतं, पहिल्या भेटीतच त्यांनी बराच वेळ विचारपूस केली होती. आता फोन केला की ते पुन्हा विचारणार, आई कशी आहे, तुम्ही कशा आहात. त्यावर मी ठीक म्हणणार. नंतर मग जावा-जावांचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. मला बोलायचं नव्हतं. कारण एवढंच. मी खोडरबर घेतलं, दोन चौकोनांचा एक चौकोन केला, शंकरपाळी पुसली आणि अंगठा हा कामगाराचाच एक तपशील म्हणून लिहिला, नाव, पत्ता, अंगठा. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग मी डबा खाल्ला. डब्यात काय होतं ते आठवत नाही. त्या महिन्यातलं कुठलंच जेवण मला आठवत नाही.

अंगठे घ्यायला मी स्वतः गेले. शिलाई खात्यात एका टेबलावर लॅपटॉप ठेवला, शेजारी अंगठ्याचं मशीन. बायका ओळीनं येत होत्या, नाव सांगत होत्या, काचेवर अंगठा ठेवत होत्या. काहींचे अंगठे सुईनं, दोऱ्यानं इतके घासले होते की मशीनला रेषा सापडत नव्हत्या. त्यांना मी हात धुऊन यायला सांगत होते.

खिडकीजवळच्या मशीनची पाळी आली तेव्हा आली ती धाकटी. पंचविशीची, सडपातळ, हातात हिरव्या बांगड्या. तिनं थोरलीचं नाव सांगितलं. मी यादीतलं ते नाव काढलं आणि म्हणाले, "ठेवा."

तिनं अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला.

"आन् अक्काचा अंगठा उद्या घेनार का?" तिनं विचारलं. ती थोरल्या जावेला अक्का म्हणायची.

"एका नावावर एकच अंगठा बसतो."

"मग ती आली की कसं?"

"मालकांशी बोलावं लागेल."

"तुमी बोलनार का आमी?"

तिच्या मागे ओळ ताटकळत होती. "बघू," मी म्हणाले आणि पुढचं नाव विचारलं. ती थोडा वेळ बाजूला उभी राहिली. मग जाऊन मशीनवर बसली.

पहिला आठवडा मला तिथंच बसायचं होतं, काही अडलं तर बघायला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातच होते. बायका अंगठा ठेवून आत जात होत्या. थोरली आली. तिनं अंगठा ठेवला. मशीनमधून बाईचा आवाज आला, "प्लीज ट्राय अगेन." तिनं पदराला अंगठा पुसला आणि पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. तिला वाटलं बोटाला कापूस लागलाय. नळावर जाऊन हात धुऊन आली. मागच्या बायका तिला वळसा घालून आत जायला लागल्या. पाचव्या वेळी वॉचमन म्हणाला, "बाजूला व्हा वो मावशी, तुमचं न्हाय लागत."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं.

देखरेखीच्या बाई बाहेर आल्या. तेवढ्यात मालकही आले. झालं ते त्यांना कळलं. ते ओरडले नाहीत. इतकी वर्षं आपल्याला हे कुणी सांगितलं नाही, याचंच त्यांना जास्त आश्चर्य वाटलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्या सिस्टिममध्ये हे बसतं का? एका जागेला दोन बाया?"

मला आज वाटतं, त्यांचा विचार अजून ठरलेला नव्हता. ते खरंच विचारत होते. दोन दिवस द्या, करून देते, असं मी म्हणाले असते तर ते हो म्हणाले असते. नक्की माहीत नाही, पण वाटतं.

"नाही," मी म्हणाले. "एका नावाला एकच."

हे खोटं नव्हतं. होतं ते असंच होतं, मीच तसं केलं होतं. गाडी किती वाजता आहे असं कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तशा आवाजात मी ते सांगितलं.

"मग एकच ठेवा," मालक म्हणाले. "नाव थोरलीचं आहे, फंड तिच्या नावावर कटतो, तर तिचाच अंगठा घ्या. आणि तसं बघितलं तर फरक काय पडतो? पगार त्याच घरात जाणार."

थोरली म्हणाली, "तसं न्हाय मालक..." मी धाकटीचा अंगठा पुसला. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं का? मी हो दाबलं. थोरलीचा अंगठा घेतला. हिरवा दिवा लागला आणि ती आत जाऊन कामाला बसली.

त्यानंतर धाकटी कारखान्यात आली नाही. येण्याचं तिला कारणच उरलं नव्हतं.

माझे दिवस पुढे तसेच गेले. आई घरात कमी बोलायची, मीही कमी बोलायचे. ऑफिसात एक दवाखाना झाला, दोन शाळा झाल्या, टेंभुर्णीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम झालं. मी चौकोन काढत होते. वर्षभरानंतर कारखान्यातून फोन आला, एका बाईचं नाव बंद करायचंय, कसं करायचं? मी फोनवर सांगत गेले, इथं दाबा, तिथं दाबा. नाव कुठलं ते मी विचारलं, कारण खात्री करून घ्यावी लागते. त्यांनी थोरलीचं नाव सांगितलं.

"काम सोडलं का?" मी विचारलं.

"सोडलं."

मी कारण विचारलं नाही. नावापुढे 'बंद' असं आलं का, एवढं विचारलं. आलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मालकांनी स्वतःहून बोलावलं. बायका मिळत नव्हत्या, कुणी आजारी पडली की मशीन बंद राहायचं. त्यांना बदली माणसाची सोय हवी होती. एका जागेवर गरज पडली तर दुसरी बाई बसू शकेल, असं काहीतरी. मी जुनी वही काढली. पुसलेलं चित्र मला बघायची गरज पडली नाही, ते पाठ होतं. दीड दिवसात झालं. देखरेखीच्या बाईंना नवीन स्क्रीन दाखवत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "हे आदी झालं असतं तर त्या दोगी राहिल्या असत्या."

"त्या कुठं आहेत आता?"

त्यांनी वस्तीचा पत्ता सांगितला. कारखान्याच्या मागे, चालत वीस मिनिटांवर.

मी रविवारी सकाळी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. वाईट वाटलं म्हणून गेले असं म्हणावं तर तेव्हाही मला नेमकं काही वाटत नव्हतं. आईला बाजारात जाते असं सांगितलं.

पत्र्याची दोन खोल्यांची जागा होती. थोरलीनं दार उघडलं. तिनं मला लगेच ओळखलं.

"या की," ती म्हणाली. तिनं माझ्यासाठी खुर्ची पुसली. आतल्या बाजूला कॉटवर सासू पडलेली होती, छोटीशी, भिंतीकडे तोंड करून.

"जाऊबाई?" मी विचारलं.

"गेली म्हायेरला. दीर बी तिकडंच ऱ्हातो आता, सासऱ्याच्या शेतात."

"भांडण झालं?"

"भांडन न्हाय वो." तिला राग आला नाही, फक्त ती थांबून थांबून बोलत होती. "आदी कसं हुतं, एक दिस ती भायेर, एक दिस मी भायेर. सांच्याला बसलं की ती सांगायची कारखान्यात काय झालं, मी सांगायची घरी काय झालं. दुसऱ्या दिशी उलटं. मग ती घरातच ऱ्हायली आन् मी कामावरच ऱ्हायली. मी यिऊन सांगितलं की ती म्हनायची, मला काय सांगता, तुमी मजेत हाय भायेर. मी म्हनायची, तू तरी पंख्याखाली हायस. मग सांगायचं बंद झालं. वरीसभर एका चुलीवर करून खाल्लं पर बोललो न्हाय. एक दिस ती गेली. मग म्हातारीजवळ कोन? मीबी सोडलं."

आता घरीच टॉवेलांचे गठ्ठे आणून दोरे कापायचं काम करत होती. कोपऱ्यात ते पडलेले होते.

"त्या दिवशी मालकांनी मला विचारलं होतं," मी म्हणाले. "दोघींचं बसतं का म्हणून. मी नाही म्हणाले. करता आलं असतं. चूक माझी होती."

तिनं सरळ विचारलं,

"मग का न्हाय म्हनला?"

"तेव्हा माझे वडील वारले होते."

बोलल्यावर ते माझं मलाच ऐकू आलं. दोन वाक्यांमध्ये काही संबंध लागत नव्हता.

"आमच्याबी घरी लई जनं वारली," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिनं नुसतं सांगितलं. मग उठून कॉटजवळ गेली. "जरा हिकडनं धरता का? चादर बदलायची हाय. यकटीला जड जाती."

मी चप्पल काढून आत गेले. तिनं सांगितलं तसा म्हातारीच्या पाठीखाली एक हात घातला, खांद्याला एक. आम्ही तिला एका अंगावर वळवलं. ती दिसत होती त्यापेक्षा जड होती. लुळ्या बाजूचा हात माझ्या मनगटावर पडला, गरम होता. थोरलीनं जुनी चादर ओढून काढली, नवी घातली, मग दुसऱ्या अंगावर वळवलं. म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतात?"

"तुमाला धाकटी समजती. इतकं दिस कुटं हुतीस म्हनती."

मी म्हातारीची उशी सरळ केली.

थोरलीनं चादरीची घडी खाली टाकली आणि दाराकडे बघत म्हणाली, "तुमी अर्धा तास बसताय का? रेशनला जाऊन येती. आज मिळायलंय म्हनं. हिला यकटी टाकून जाता येत न्हाय."

"जा," मी म्हणाले.

ती पिशवी घेऊन गेली. मी कॉटजवळ खुर्ची ओढून बसले. पत्रा तापायला लागला होता. म्हातारीचे डोळे माझ्यावर होते. बऱ्याच वेळानं, शब्द गोळा करत, तिनं विचारलं, "ऊटा आत?"

जेवण झालं का. सोलापुरात राहून एवढं कानडी येतंच.

"आतु," मी म्हणाले, झालं. झालेलं नव्हतं. सकाळपासून मी नुसता चहा घेतला होता, आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या, वडील गेल्यापासून पहिल्यांदा, मला खूप भूक लागल्याचं कळलं.

थोरली अर्ध्या तासाऐवजी सव्वा तासानं आली. तिनं चहा टाकला, बरोबर शिळी भाकरी आणि शेंगाचटणी दिली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी नको नको म्हणायची वाट न बघता ती वाढत होती. निघताना मी तिला म्हणाले की आता कारखान्यात बदलीची सोय झालीय, परत यायचं असेल तर मी बोलते. ती म्हणाली, हिचं आटपल्याशिवाय न्हाय.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले, नंतर पावसाळाभर अधूनमधून गेले. म्हातारी दरवेळी मला धाकटी समजायची आणि मी समजू द्यायचे. दिवाळीच्या आधी ती वारली. मला ते चार दिवसांनी कारखान्यातून कळलं. गेले तर घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, दिवस घालायला सगळे गावाकडे गेलेत, धाकटी बी आली हुती, तिच्या म्हायेरावरनंबी मानसं आली हुती.

"दोघी बोलत होत्या का?" मी विचारलं.

शेजारीण म्हणाली, "रडत हुत्या जोडीनं. बोलायचं काय म्हायती न्हाय."

मी स्कूटी वळवली आणि घरी आले. आई ओट्याशी उभी होती. कुठं गेली होतीस, तिनं विचारलं. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून, वहीतल्या दोन रेघांसकट. ती गॅस बारीक करून ऐकत राहिली.